दहा मिनिटांवर संस्कृती

कोणत्याही शहराची सांस्कृतिक उंची तिथे पाहण्यासारखं काय आहे यावर ठरत नाही. ते आपल्या घरापासून किती जवळ आहे यावर ठरते. नुसतं पाहण्यासारखं असलं की पाहावं लागतं, आणि पाहिलं की खोट निघते. जवळ असलं की सांगून भागतं. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण इथल्या सुजाण नागरिकांनी हे तत्त्व फार पूर्वी ओळखलं आणि त्यासाठी एक स्वतंत्र माप प्रचारात आणलं. त्या मापाला दहा मिनिटं असं म्हणतात.

हे माप वेळेचं नाही (तसं समजून कोणी घड्याळ लावू नये) आणि अंतराचंही नाही. ठाण्यात खोपटहून बाळकुम दहा मिनिटांवर असतं. डोंबिवलीत पूर्वेहून पश्चिमेला जायला दहा मिनिटं लागतात, आणि मधला पूल दुरुस्तीला घेतला तरी दहाच लागतात, कारण दुरुस्ती ही तात्पुरती बाब आहे आणि दहा मिनिटं कायमची. आम्ही स्वतः केलेल्या एका पाहणीनुसार डोंबिवलीतली शंभरातली सत्त्याण्णव घरं स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहेत. उरलेल्या तीन घरांतली माणसं पाहणीच्या वेळी घरी पोचलेली नव्हती.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले सहदेवराव या मापाचे निष्ठावंत पाईक होते. डोंबिवली पूर्वेला त्यांचं दोन खोल्या आणि एक बंदिस्त गॅलरी असं घर होतं. घरात पत्नी नीलाताई आणि मुलगा सुशांत. सहदेवराव विद्याविलास वाचनालयाचे आजीव सभासद होते, कलानिधी नाट्यगृहाच्या रसिक मंडळाचे संस्थापक सदस्य होते आणि खाडीकाठच्या 'खाडी संस्कृती दालना'च्या उद्घाटनाला त्यांचं नाव पत्रिकेत छापून आलं होतं. या तिन्ही ठिकाणी ते गेल्या वीसेक वर्षांत गेले नव्हते. जवळच असल्यामुळे कधीही जाता आलं असतं, आणि जे कधीही करता येतं ते आज करण्यात काही अर्थ नसतो.

सुशांतचं वय चौतीस. ऐरोलीला बरी नोकरी, सुपारीचंही व्यसन नाही, आईशी नीट बोलतो. दोष एकच, पत्ता. तीन स्थळं त्या पत्त्यावरून परत गेली होती. पहिल्या मुलीकडच्यांनी पाण्याच्या वेळा विचारल्या. दुसऱ्यांनी गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट बराच वेळ पाहिलं. तिसरे दादरचे होते, त्यांनी फक्त "म्हणजे नक्की कुठे?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

याचं कारण असं, की अलीकडे लग्नाच्या रीतीत एक इष्ट सुधारणा झाली आहे. पूर्वी मुलाकडचे मुलगी पाहायला जात. आता मुलीकडचे मुलाचा परिसर पाहायला येतात. मुलगा पुढे सुधारता येतो, परिसराचं तसं नाही, असा त्यामागचा विचार आहे आणि तो रास्तच म्हणायला हवा. या विधीत पोहे असतात, पण ते शेवटी, पाहणी उत्तीर्ण झाल्यास.

चौथं स्थळ ठाण्याचं आलं. खोपटची समीक्षा. मुलीचा फोटो पाहून सुशांतने दुसऱ्यांदा चहा मागितला, यावरून नीलाताईंनी काय ते ओळखलं. त्यांनी नवऱ्याला स्वच्छ सांगितलं, "हे स्थळ पत्त्यावरून गेलं ना, तर हे घर विकायचं आणि ठाण्याला जायचं. मग बसा तिकडे संस्कृती शोधत." सहदेवरावांना घर सोडवणार नव्हतं. पण त्याहून जास्त, रोज ऑफिसातून येऊन मोबाइलसमोर एकटा जेवणाऱ्या पोराकडे त्यांना हल्ली बघवत नसे.

म्हणून त्यांनी सुशांतच्या बायोडेटात भर घातली: 'सांस्कृतिक वातावरण. वाचनालय, संस्कृती दालन व नाट्यगृह घरापासून प्रत्येकी दहा मिनिटांवर.' यात खोटं काही नव्हतं. चूक एवढीच झाली, की मुलीचे वडील चांगदेव हे खोपटच्या एसटी आगारात पस्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते.

त्यांचा फोन आला. "सहदेवराव, ते दहा मिनिटं लिहिलंय, ते गाडी सुटल्यापासून की धरल्यापासून?"

डोंबिवलीच्या ज्ञात इतिहासात हा प्रश्न कोणी कोणाला विचारलेला नव्हता. सहदेवराव म्हणाले, "अहो, सुटल्यापासूनच."

"मग रविवारी येतो. बघूनच घेऊ सगळं."

सहदेवराव डगमगले नाहीत. पाहुण्यांना शहर दाखवण्याची त्यांची एक सिद्ध पद्धत होती. पाहुण्यांना गाडीत बसवायचं, पुलाच्या कामापाशी नेऊन अडकवायचं आणि काचेतून बोट दाखवायचं: त्या क्रेनच्या मागे नाट्यगृह, त्या टँकरच्या पलीकडे वाचनालय, आणि हा वास येतोय ना, ती खाडी. तास-दीड तासाने पाहुणे स्वतःच म्हणतात, की आता घरी जाऊ. नीलाताईंच्या चिपळूणच्या भावाला त्यांनी एका सिग्नलवरून अख्खी सांस्कृतिक नगरी दाखवली होती. तो समाधानाने परत गेला आणि गावात अजून सांगतो. वाहतूक कोंडीला लोक शिव्या घालतात, पण आपली किती अब्रू तिच्या आडोशाला उभी असते हे विचारात घेत नाहीत.

रविवारी सकाळी चांगदेव, समीक्षा आणि चांगदेवांची थोरली बहीण रंगूबाई आले. चांगदेवांनी राखाडी सफारी घातला होता. रंगूबाई साताऱ्याकडच्या, नव्वारीतल्या, आणि जे डोक्यात येईल ते तोंडात येऊ देणाऱ्या. नीलाताई पुऱ्या लाटायला घरी थांबल्या. सुशांत गाडी चालवायला बसला, शेजारी सहदेवराव. त्यांच्या मांडीवर तबक, तबकात शाल आणि श्रीफळ. जमल्यास वाटेतच व्याह्यांचा सत्कार उरकावा, असा बेत होता.

चौकात पोलिसाने अडथळा लावलेला होता. सांस्कृतिक पर्यटन सप्ताहाच्या उद्घाटनाला एक मोठे पाहुणे येणार होते, म्हणून सकाळपासून शहरातले सगळे मुख्य रस्ते नागरिकांसाठी बंद होते. सहदेवरावांना हायसं वाटलं. पण पोलिसाने आत वाकून पाहिलं. पुढे मांडीवर शाल-श्रीफळ, मागे सफारी. आपल्या राज्यात याहून मोठा परवाना अजून निघालेला नाही. त्याने सलाम ठोकला आणि अडथळा बाजूला सरकवला.

समोर रस्ता पसरला होता. रिकामा. सहदेवरावांना तो ओळखू येईना. खड्डे बुजलेले, दोन्ही कडांना चुन्याच्या फक्क्या, दुभाजकावर कालच आणलेली झाडं, कुंड्यांसकट. कुत्रीसुद्धा कुठे नेऊन ठेवली होती कोण जाणे. सुशांतने डोंबिवलीत आजवर तिसऱ्या गिअरच्या पुढे मजल मारली नव्हती. त्याने चौथा टाकला. गाडीलाही जरा नवल वाटलं असावं, ती किंचित थरथरली. मागे समीक्षा हसली.

"हळू चालव," सहदेवराव म्हणाले.

"पप्पा, चाळीसवर आहे फक्त."

"तेच म्हणतोय मी. घाई कसली आहे आपल्याला?"

विद्याविलास वाचनालय आलं. चांगदेवांनी घड्याळ पाहिलं. "नऊ मिनिटं. एक मिनिट बिफोर." त्यांच्या चेहऱ्यावर आदर होता. सहदेवरावांच्या चेहऱ्यावर घाम होता. त्यांची दहा मिनिटं आयुष्यात पहिल्यांदा खरी ठरली होती आणि त्यामुळे ते पुरते अडचणीत आले होते.

रविवार असल्याने वाचनालय बंद असेल या त्यांच्या शेवटच्या आशेवरही पाणी पडलं. ग्रंथपाल जाईबाई मोठ्या पाहुण्यांसाठी दारात रांगोळी काढत होत्या. त्यांनी मान वर केली.

"सहदेव ना तुम्ही? टेलिफोनवाले?"

सहदेवरावांनी अभिमानाने व्याह्यांकडे पाहिलं. "बघा, ओळखतात आम्हाला इथे."

"ओळखणारच," जाईबाई म्हणाल्या. "त्या कादंबरीचा पहिला खंड तुमच्याकडे आहे. तेवीस वर्षं झाली. दुसरा खंड इथे एकटा पडलाय, कोणी नेत नाही. नेऊन करणार काय? सुरुवात तुमच्याकडे."

"अगं बया," रंगूबाई म्हणाल्या. "म्हंजे तेवीस वर्सं गावात कुणालाच ठावं न्हाई, सुरवातीला काय झालं ते?"

"यांना माहीत असेल ना," जाईबाईंनी सहदेवरावांकडे रांगोळीचा हात केला. सहदेवरावांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, की आता दालनाकडे निघायला हवं, उशीर होईल. डोंबिवलीत उशीर होऊ नये अशी इच्छा करणारा माणूस घाबरलेला असतो, हे सुशांतने ओळखलं आणि गाडी काढली.

खाडी संस्कृती दालनही दहा मिनिटांत आलं. जुन्या आगरी-कोळी वस्त्यांची अवजारं, जाळी, मिठागरांतली फावडी आणि एक अख्खी होडी असा तिथला ठेवा होता. दाराला कुलूप होतं. पोपट नावाचा रखवालदार बाहेर दाढी करत बसला होता.

"होडी चौकात नेली, सुशोभीकरणाला," तो अर्ध्या फेसातून म्हणाला. "फुलं लावलीत तिच्यात. जाळं मंडपाला मारलंय. फावडी रस्त्याच्या कामाला दिलीत, खड्डे बुजवायचे होते ना अर्जंट."

"मग आता आत काय हाय?" रंगूबाईंनी विचारलं.

"आत मी राहतो. मिसेस राहते. या ना, चहा घ्या."

चांगदेवांनी घड्याळात पाहिलं आणि मान डोलावली. ही मान नेमकी कशाला डोलली हे सहदेवरावांना कळेना. त्यांच्या डोळ्यांसमोर घरावरची 'विकणे आहे' अशी पाटी तरळली. मागच्या सीटवर त्यांनी वळून पाहिलंच नाही. मुलीचा चेहरा वाचण्याची त्यांची छाती नव्हती.

कलानिधी नाट्यगृहापाशी मात्र त्यांच्या गाडीकडे दहा-बारा माणसं धावत आली. पुढे शालू मॅडम होत्या, सांस्कृतिक पर्यटन संवर्धन समितीच्या समन्वयक. हातात वाडगाभर गुलाबपाकळ्या, डोळ्यांत पाणी, यायच्या बेतातलं. सकाळपासून त्यांच्यावर जो प्रसंग गुदरला होता तो असा: मोठ्या पाहुण्यांसाठी रस्ते बंद केले. त्यामुळे प्रेक्षक येऊ शकले नाहीत. अडवलेल्या प्रेक्षकांच्या गाड्या शहराच्या वेशीवर साठत गेल्या. आणि मोठे पाहुणे आता त्या गाड्यांच्या मागे अडकले होते. व्यवस्थेत त्रुटी कुठेच नव्हती. बंदोबस्त चोख होता, इतका चोख की ज्याच्यासाठी होता त्यालाही त्याने सोडलं नाही.

"तुम्ही कुठून आलात?" शालू मॅडमनी विचारलं.

"खोपट, ठाणे," चांगदेव म्हणाले.

"कशासाठी?"

"शहर बघायला. वाचनालय झालं, दालन झालं, आता हे."

शालू मॅडमनी पाकळ्यांचा वाडगा शेजारच्याकडे दिला. समिती स्थापन होऊन आठ वर्षं झाली होती. या काळात समितीने चार बोधचिन्हं, दोन घोषवाक्यं, एक गीत आणि एक अभ्यासदौरा (सिंगापूर) पूर्ण केला होता. शहर पाहायला आलेला माणूस आज पहिल्यांदा आला होता. त्या म्हणाल्या, "पर्यटक आलेत. आत घ्या त्यांना, फोटोग्राफर निघून चाललाय."

पुढच्याच क्षणी सगळे रंगमंचावर होते. सभागृहात पंधरा आयोजक, दोन निवेदक आणि खुर्च्या. मोठ्या पाहुण्यांची शाल त्यांच्यासाठीच राखून ठेवायची होती, म्हणून समितीने सहदेवरावांच्या तबकातली शाल उचलून चांगदेवांच्या खांद्यावर घातली आणि तबकातलाच नारळ त्यांच्या हातात दिला. सहदेवरावांच्या बेतातली एवढी एक गोष्ट ठरल्याप्रमाणे पार पडली. मग निवेदकाने ध्वनिक्षेपक चांगदेवांपुढे धरला. "दोन शब्द, सर. आमचं शहर कसं वाटलं?"

सहदेवरावांनी विंगेतल्या खांबाला धरलं.

"मी पस्तीस वर्षं गाड्या सोडल्या," चांगदेव म्हणाले. "तीन ठिकाणं बघितली आज. पहिल्या ठिकाणी अर्धं पुस्तक होतं. दुसऱ्या ठिकाणी एक कुटुंब राहतं, चहा चांगला असावा. हे तिसरं, इथे नाटक नाहीये. पण दहा मिनिटं लिहिली होती आणि तिन्ही वेळा दहा मिनिटांच्या आत पोचलो. आमच्या खात्यात एवढंच बघायचे. गाडी वेळेवर पोचली पाहिजे. गाव कसं आहे, त्याची जबाबदारी कंट्रोलरवर नसते." टाळ्या झाल्या. शालू मॅडमनी 'वेळेवर पोचली' एवढंच लिहून घेतलं, पुढच्या घोषवाक्यासाठी.

रंगूबाईंनी भावाची शाल ओढली. "तुजं झालं आसंल तर पोरीला इचार की जरा."

पोरगी पहिल्या रांगेत सुशांतशेजारी जाऊन बसली होती.

"तू आधी कधी आलेलास इथे?" समीक्षाने विचारलं.

सुशांतने क्षणभर वडलांकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "सातवीत. गॅदरिंगला. झाड झालेलो."

"डायलॉग होता?"

"नाही. हललेलो फक्त. वाऱ्याचा सीन होता."

समीक्षाने मंचावरच्या गर्दीकडे पाहिलं. "आमच्याकडे पण आहे ना नाट्यगृह, दहा मिनिटांवर. मी दोनदा गेलेय. दोन्ही वेळा वॉशरूमला." सुशांत हसला. मग दोघंही हसले, आणि ते हसू मंचावरच्या सहदेवरावांपर्यंत पोचलं. आपल्या पोराचं असं हसू त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी खांब सोडला.

परतीचा प्रवास मात्र नेहमीच्या शहरातून झाला. मोठे पाहुणे वेशीवरूनच परत गेल्यामुळे रस्ते खुले झाले होते. सकाळपासून साठलेलं सगळं शहर एकदम आत शिरलं होतं. पुलाच्या कामापाशी गाडी थांबली ती थांबलीच. सुशांतने इंजिन बंद केलं. शेजारच्या रिक्षावाल्याने चप्पल काढून पाय वर घेतले. चांगदेवांनी घड्याळ पाहिलं. थोड्या वेळाने परत पाहिलं.

"आज जरा ट्रॅफिक दिसतंय," सहदेवराव म्हणाले. हे वाक्य ते रोज म्हणत.

गाडीत उकडत होतं आणि शाल अजून चांगदेवांच्या अंगावर होती. रंगूबाईंनी काचेतून बाहेर पाहून विचारलं, "त्या क्रेनमागं काय हाय?" इतक्यात सहदेवरावांचा फोन वाजला. नीलाताई. पुऱ्या गार झाल्या होत्या आणि त्यांच्या आवाजावरून त्याही व्हायच्या बेतात होत्या. "कुठे आहात तुम्ही? जमलं की मोडलं, एवढं तरी सांगा."

सहदेवरावांनी फोन कानापासून लांब धरला. चांगदेवांनी मागून हात पुढे केला आणि फोन घेतला. मनगटावरचं घड्याळ त्यांनी काढलं होतं, ते सफारीच्या खिशात गेलं होतं.

"वहिनी, मी चांगदेव बोलतोय," ते म्हणाले. "पोहे टाका. निघालोय आम्ही, दहा मिनिटांत पोचतो."

इंजिन बंदच होतं. सहदेवरावांनी डोळे पुसले. सोयरीक जमली होती.

लग्नानंतर कुठे राहायचं यावरून ठाणे आणि डोंबिवली यांच्यात थोडी बोलणी झाली. शेवटी मुलांनी आंबिवलीला फ्लॅट घेतला. तिथे पाहण्यासारखं काही असल्याचा दावा कोणी केलेला नाही, त्यामुळे कोणाला काही दाखवावं लागत नाही. जाहिरातीत एवढंच होतं: 'सांस्कृतिक नगरीपासून दहा मिनिटांवर.'

लग्न डोंबिवलीतच झालं. मुहूर्ताला हॉलमध्ये दोन्हीकडचे आईवडील, रंगूबाई, भटजी आणि केटररची माणसं होती. बाहेरच्या पाहुण्यांपैकी वेळेवर पोचल्या त्या एकट्या जाईबाई, कारण त्या दूधवाला यायच्या वेळेला घरून चालत निघाल्या होत्या. त्यांनी आहेर म्हणून कादंबरीचा दुसरा खंड आणला. "पहिला यांच्याकडेच आहे," त्या समीक्षाला म्हणाल्या. "आता नांदू देत दोन्ही एका घरात." पहिला खंड नंतर सापडलाही. इतकी वर्षं तो फ्रीजच्या पायाखाली होता. दोन्ही खंड बरोबर गेले आणि आंबिवलीच्या नव्या फ्रीजला आता दोन्ही बाजूंनी आधार आहे.

भटजी घाई करत होते. सहदेवराव दारात उभे राहून एकेका आमंत्रिताला फोन लावत होते, आणि प्रत्येक जण तेच सांगत होता. मुहूर्त टळत आला तेव्हा वाढप्यांच्या हातात अक्षता दिल्या आणि लग्न लागलं.

वाचकहो, पत्रिका तुम्हालाही होती. सहदेवरावांनी तुम्हालाही फोन केला होता, आठवून बघा. तुम्ही तो लगेच उचललात आणि म्हणालात, "निघालोय, दहा मिनिटांत पोचतो." मागे बादलीत पाणी पडत असल्याचा आवाज त्यांना नीट ऐकू आला होता. तरी तुमचं पान त्यांनी अजून वाढून ठेवलं आहे.